चौकशी अहवालाची इंग्रजी: शब्द पुराव्याच्या पुढं जाऊ देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तुम्ही कार्मिक विभागात आहात. रात्रपाळी सुटताना गेटवरच्या झडतीत एका कामगाराच्या डब्याच्या पिशवीत तांब्याच्या तारेचं बंडल निघालं. पिशवी माझी आहे, पण तार तिच्यात कुणी ठेवली ते मला ठाऊक नाही, असं तो गेटवर म्हणाला. तासाभरानं सिक्युरिटीच्या केबिनमध्ये त्यानं माफीचं पत्र लिहून दिलं. मुख्य कार्यालय परराज्यात असल्यानं अहवाल इंग्रजीत हवा आहे, आणि तुमच्या मसुद्यातलं मुख्य वाक्य असं आहे: ‘द कल्प्रिट वॉज कॉट रेड-हँडेड, ही कन्फेस्ड हिज गिल्ट, अँड देअर आर मेनी एव्हिडन्सेस अगेन्स्ट हिम.’ हे बरोबर आहे का, आणि यातला कुठला शब्द कधी वापरायचा, असं तुम्ही विचारलंय.

व्याकरणाची चूक म्हणाल तर एकच आहे, ती म्हणजे ‘एव्हिडन्सेस’. तिच्याकडं नंतर येते. खरी अडचण अशी की या वाक्यातले चार शब्द चार गोष्टी ठरवून मोकळे झालेत, आणि तुमच्या फाइलमधला एकही कागद अजून तिथवर पोचलेला नाही. मी साताऱ्यात फौजदारी कामं चालवते आणि कारखान्यांच्या डोमेस्टिक एन्क्वायऱ्या, म्हणजे कामगारावरच्या आरोपाच्या अंतर्गत चौकश्याही करते, कधी व्यवस्थापनाकडून तर कधी कामगाराकडून. दोन्ही बाजूंनी बसून एक गोष्ट पक्की समजली आहे. अहवालात पुराव्यापेक्षा मोठा शब्द घातला की उलटतपासणीत पहिला हात त्याच शब्दाला घातला जातो, आणि तो निखळला की त्याच्या आधारानं उभा असलेला खरा पुरावाही संशयात सापडतो. आणि चौकशीच्या शेवटी माणूस निर्दोष ठरला, तर तुमच्या सहीनिशी ‘कल्प्रिट’ म्हणून लिहिलेला कागद मुख्य कार्यालयाच्या फाइलमध्ये राहतोच.

‘कल्प्रिट’पासून सुरुवात करू. या शब्दाचा अर्थ ज्यानं केलं तो. म्हणजे केलं की नाही हा प्रश्न संपला. इंग्रजीत माणसाला दिलं जाणारं नाव प्रकरणाच्या पायरीप्रमाणं बदलत जातं. नुसता संशय असेल तर ‘सस्पेक्ट’. कुणी रीतसर आरोप केला की ‘अक्यूज्ड’. कोर्टानं दोषी ठरवल्यावर ‘कन्व्हिक्ट’ किंवा ‘ऑफेंडर’. ‘पर्पेट्रेटर’ हा शब्द कृत्य करणाऱ्यासाठी आहे. तो कोण हे माहीत नसतानाही वापरता येतो: ‘द पर्पेट्रेटर हॅज नॉट बीन आयडेंटिफाइड’ हे वाक्य निर्दोष आहे. पण एखाद्याचं नाव घेऊन त्याला तो शब्द चिकटवला, तर निकाल देऊन टाकल्यासारखं होतं. आपण बोलताना आरोपी, संशयित, गुन्हेगार, चोर हे सगळं एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो, आणि तीच सवय इंग्रजीत उतरते.

तुमच्या प्रकरणात पोलिसांत तक्रार नाही, कोर्ट नाही. त्यामुळं ‘अक्यूज्ड’सुद्धा नको. ‘द वर्कमन’ किंवा ‘द एम्प्लॉयी कन्सर्न्ड’ लिहा. आरोपपत्र हातात दिल्यावर ‘द चार्जशीटेड वर्कमन’. आपल्याकडच्या सर्व्हिस मॅटरमध्ये, म्हणजे नोकरीसंबंधीच्या प्रकरणांत, ‘डेलिंक्वंट एम्प्लॉयी’ हा शब्द सर्रास चालतो, निकालपत्रांतही दिसतो. मी स्वतः चौकशी चालू असताना तो लिहीत नाही. कसूरदार हा अर्थ त्यात आधीच बसलेला आहे, आणि चौकशी अधिकाऱ्यानंच तो वापरला की पूर्वग्रहाचा मुद्दा समोरच्याला आयता मिळतो.

इथंच ‘चार्जशीट’बद्दल एक सावधगिरी. फौजदारी कामात चार्जशीट म्हणजे पोलिसांनी तपास संपवून कोर्टात दाखल केलेला अहवाल, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १९३ खालचा. त्यानंतर दोषारोप निश्चित करतं ते कोर्ट. म्हणून ‘चार्जशीटेड’ आणि ‘चार्ज्ड’ हे आपल्याकडं दोन वेगळे टप्पे आहेत. इंग्लंडमध्ये ‘चार्ज्ड’ म्हणजे खटला कोर्टापुढं उभा राहण्याआधीच पोलिसांनी ठेवलेला आरोप. तुमचा अहवाल पुढं परदेशी भागीदाराकडं जाणार असेल, तर पोलीस प्रकरणाबद्दल लिहिताना एकाच शब्दावर विसंबू नका. ‘द पोलीस हॅव फाइल्ड देअर इन्व्हेस्टिगेशन रिपोर्ट इन कोर्ट’ असं सरळ लिहा.

आता ‘कॉट रेड-हँडेड’. या प्रयोगाचं मूळ स्कॉटलंडच्या जुन्या कायद्याच्या भाषेत आहे. हात रक्तानं लाल असतानाच पकडलेला माणूस, म्हणजे कृत्य चालू असताना किंवा झाल्या क्षणी सापडलेला. आपलं ‘रंगेहाथ’ त्याच अर्थाचं. तुमचा कामगार वाइंडिंग विभागातून तार काढताना कुणी पाहिला का? पिशवीत ठेवताना पाहिला का? दोन्ही नाही. झडतीत ती त्याच्या पिशवीत सापडली. याला इंग्रजीत ‘वॉज फाउंड इन हिज बॅग’ म्हणतात. ‘ही वॉज फाउंड इन पझेशन ऑफ’ हे त्याच्या एक पायरी पुढचं आहे, कारण कायद्यात ‘पझेशन’ म्हटलं की वस्तू आपल्याकडं आहे याची जाणीवही त्यात धरली जाते, आणि ‘मला ठाऊक नाही’ हाच तर त्याचा बचाव आहे.

रंगेहाथ सापडणं म्हणजे दोष सिद्ध झाला, असंही नसतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा बघा. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात, लाच घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, पाणी गुलाबी होतं, बाटली सील होते, पंच सह्या करतात. यापेक्षा रंगेहाथ काय असणार? तरीही कोर्ट पहिला प्रश्न विचारतं तो मागणीचा: पैसे मागितले होते का? डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की लाचेची मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. तक्रारदार हयात नसला किंवा फितूर झाला तर परिस्थितीजन्य पुराव्यावरून सिद्ध करता येतील, पण सिद्ध व्हायलाच हवेत. हाताला लागलेला रंग पैसे हाताळल्याचं सांगतो. ते का घेतले हे वेगळं शाबीत करावं लागतं. तुमच्या पिशवीतल्या तारेचंही तसंच आहे. ती तिथं होती एवढं पक्कं आहे.

याचा अर्थ तुमची बाजू लंगडी आहे असा घेऊ नका. चोरीनंतर लगेच चोरीचा माल ज्याच्याकडं सापडला आणि ज्याला त्याचा खुलासा देता आला नाही, तो स्वतः चोर किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा आहे, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११४ च्या पहिल्याच उदाहरणात होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये तसंच आहे. पण ‘धरू शकतं’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. म्हणून अहवालात ‘ही कुड नॉट अकाउंट फॉर इट’ हे वाक्य सोन्यासारखं आहे, मात्र त्याला खुलासा विचारला होता आणि त्यानं काय सांगितलं हे शब्दशः नोंदवलेलं असेल तरच.

सगळ्यात जास्त काळजी मला ‘कन्फेस्ड’ची वाटते. तीन शब्द वेगळे ठेवा. ‘अपॉलॉजी’ म्हणजे माफी. ‘ॲडमिशन’ म्हणजे एखाद्या वस्तुस्थितीची कबुली: हो, पिशवी माझी आहे, हो, त्या रात्री मी वाइंडिंग विभागात होतो. ‘कन्फेशन’ म्हणजे गुन्हाच कबूल करणं. तुमच्या कामगारानं पिशवी माझी म्हटलं, हे ‘ॲडमिशन’ झालं. माफीच्या पत्रात त्यानं नेमकं काय लिहिलंय ते तुम्ही मला सांगितलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे.

मी कामगाराकडून चालवलेल्या एका चौकशीत असंच पत्र होतं. वहीचा फाडलेला कागद, त्यावर चार ओळी: ‘साहेब, माझ्याकडून चूक झाली. पुन्हा असं होणार नाही. घरी म्हातारे आईवडील आहेत. पोटावर मारू नका.’ व्यवस्थापनाच्या इंग्रजी अहवालात याचं झालं होतं ‘ही कन्फेस्ड इन रायटिंग टू द थेफ्ट’. चोरी हा शब्द त्या पत्रात नव्हताच. उलटतपासणीत सिक्युरिटी अधिकाऱ्याला मी एवढंच विचारलं की ‘चूक’ म्हणजे कुठली, हे तुम्ही त्याला विचारलंत का. नाही, असं उत्तर आलं. कामगाराचं म्हणणं होतं की स्टोअरची चावी रजिस्टरला नोंद न करता त्यानं दुसऱ्याच्या हातात दिली, ती चूक. ते खरं होतं की नाही हा मुद्दा राहू द्या. त्या चार ओळींत दोन्ही अर्थ बसत होते आणि अहवालानं परस्पर एक निवडला होता. पत्राचं भाषांतर प्रामाणिक केलं असतं, ‘ही रोट दॅट ही हॅड मेड अ मिस्टेक अँड आस्क्ड टू बी फरगिव्हन’, तर त्यांची बाकीची बाजू, जी चांगली होती, तिला धक्का लागला नसता.

कायदा इथं इतका कडक का आहे, तेही समजून घ्या. पोलीस अधिकाऱ्यापुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. धाक, आमिष, जबरदस्ती किंवा वचन यांच्या जोरावर अधिकारातल्या माणसानं मिळवलेला कबुलीजबाब फौजदारी कामात गैरलागू ठरतो, कलम २२. ‘लिहून दे, पोलिसांत देत नाही’ हे वाक्य आपल्या सिक्युरिटीच्या केबिनमध्ये किती वेळा उच्चारलं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. डोमेस्टिक एन्क्वायरीला पुरावा कायदा काटेकोरपणे लागू नाही हे खरं, पण पत्र कसं घेतलं हा प्रश्न तिथंही विचारला जातो. अहवालात पत्राची वेळ, जागा, खोलीत कोण होतं, आणि ते कुणी सांगून लिहिलं का, हे येऊ द्या.

साताऱ्यात बसून हे लिहिताना साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांची आठवण येतेच. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतल्या लोकांना फितवू पाहिलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार ठेवला, असे आरोप कंपनी सरकारनं त्यांच्यावर ठेवले. १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यात आला. गादी ठेवू, पण या कागदावर सही करा, असा त्याचा प्रस्ताव होता, आणि कंपनीशी झालेल्या तहाविरुद्ध वागल्याची कबुली त्या कागदात होती. महाराजांनी सही केली नाही. आरोप उघड चालवा, माझं म्हणणं ऐका, हीच त्यांची मागणी राहिली. त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं, १८४७ मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं, आणि रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू घेऊन लंडनमध्ये कित्येक वर्षं झगडत राहिले. त्या एका सहीनं आरोपांचा पुरावा तपासण्याची गरजच संपली असती, हे महाराजांना नीट समजलं होतं. तुमच्या कामगाराला ते समजत असेलच असं नाही. म्हणून त्याच्या सहीवर ‘कन्फेशन’चा शिक्का मारताना हात आखडता घ्या.

‘एव्हिडन्सेस’बद्दल. इंग्रजीत ‘एव्हिडन्स’चं अनेकवचन रोजच्या वापरात होत नाही. पुष्कळ पुरावे म्हणजे ‘कन्सिडरेबल एव्हिडन्स’. मोजून सांगायचे असतील तर ‘थ्री पीसेस ऑफ एव्हिडन्स’. साक्ष देणं हे ‘गिव्ह एव्हिडन्स’. आणि ‘एव्हिडन्स’ व ‘प्रूफ’ एक नव्हेत. सादर होतो तो ‘एव्हिडन्स’. तो तपासून समाधान झालं की ‘प्रूफ’. ‘वी हॅव प्रूफ’ असं चौकशीच्या आधी लिहिणं म्हणजे चौकशी कशाला, असं विचारण्यासारखं आहे.

पुराव्याचं वजन सांगणारे शब्द इंग्रजीत भरपूर आहेत आणि त्यांत चढती पायरी आहे. ‘कन्सिस्टंट विथ’ सगळ्यात हलका: घटना अशी घडली असेल तर हे तिच्याशी जुळतं, एवढंच, दुसऱ्या कशाशीही जुळू शकतं. त्यापुढं ‘सजेस्ट्स’, मग ‘पॉइंट्स टू’. ‘इन्क्रिमिनेटिंग’ म्हणजे दोषाकडं बोट दाखवणारा. पिशवीतली तार ‘इन्क्रिमिनेटिंग’ आहे असं बेलाशक लिहा, कारण त्या शब्दात निकाल नाही. ‘डॅमिंग’ म्हणजे ज्यापुढं बचाव उरत नाही असा; तो पत्रकारांचा शब्द आहे, अहवालात नको. ‘कन्क्लुझिव्ह’ चौकशी अधिकाऱ्यानं निष्कर्षात लिहायचा, तक्रार करणाऱ्यानं नव्हे. आणि विरुद्ध बाजूचा ‘एक्स्कल्पेटरी’, म्हणजे निर्दोषत्वाकडं नेणारा पुरावा, हा शब्द आपल्याकडच्या अहवालांत मला दिसतच नाही. तुमच्या फाइलमध्येही तो असणार. त्या रात्री सगळ्यांच्या पिशव्या एकाच उघड्या रॅकवर होत्या, असं तुम्ही ओघात सांगितलंय. ते अहवालात लिहा. तुम्ही लिहिलं नाही तर त्याचा प्रतिनिधी लिहील, आणि मग तुम्ही ते दडवलं असं दिसेल.

‘सर्कमस्टॅन्शियल’ म्हणजे कमकुवत, असा एक समज सगळीकडं आहे. तो काढून टाका. प्रत्यक्ष पाहणारा खोटं बोलू शकतो. परिस्थितीची साखळी पूर्ण असेल तर तिच्यावर जन्मठेपही होते. फक्त साखळी खरोखर पूर्ण हवी. पुण्यातून वर गेलेल्या शरद बिर्धीचंद सारडा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये याच्या पाच कसोट्या घालून दिल्या. पहिल्याच कसोटीत १९७३ च्या शिवाजी बोबडे निकालाचा हवाला आहे: ‘मे बी’ आणि ‘मस्ट बी’ यांच्यातलं अंतर मोठं आहे, आणि तेच धूसर तर्काला पक्क्या निष्कर्षापासून वेगळं करतं. इंग्रजी अहवाल लिहिणाऱ्यानं हे दोन प्रयोग टेबलावर लिहून ठेवावेत. ‘ही मस्ट हॅव टेकन इट ड्युरिंग द टी ब्रेक’ हे वाक्य लिहिताना स्वतःला विचारा की ‘मस्ट’ कशावरून. चहाच्या सुट्टीत तो एकटाच विभागात होता याची नोंद असेल तर ठीक. नसेल तर ‘मे हॅव’. आणि ‘मे हॅव’वर शिक्षा होत नाही, हे लक्षात घेऊन अजून काय शोधायचं ते ठरवा.

तुम्ही सीसीटीव्हीच्या क्लिपला ‘स्मोकिंग गन’ म्हणालात. धूर निघणारी बंदूक हातात घेतलेला माणूस, असा तो प्रयोग. १९७४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची एक ध्वनिफीत बाहेर आली. वॉटरगेट घोटाळ्याचा तपास थांबवण्याची खलबतं त्यांच्याच आवाजात तिच्यात होती. तिला ‘स्मोकिंग गन टेप’ म्हणतात, आणि ती उघड झाल्यावर चारच दिवसांत त्यांना पद सोडावं लागलं. एका पुराव्यानं वादच संपतो, तेव्हा हा शब्द शोभतो. तुमच्या क्लिपमध्ये तो पिशवी घेऊन गेटकडं चालताना दिसतो. रोजच दिसत असणार. शिवाय ती क्लिप मूळ यंत्रातून काढलेली नाही, सुपरवायझरनं स्क्रीनवरून मोबाइलनं टिपलेली आहे. प्रकरण कोर्टात गेलं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल, त्याचे दोन भाग असतात आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडून बघण्याचा संकेतांक, भरावी लागते. रेकॉर्डिंगवर दुसरं रेकॉर्डिंग बसण्याआधी, आजच, मूळ डीव्हीआरमधून प्रत काढून घ्या.

‘अलेज्ड’ हा शब्द फार उपयोगी आहे, पण योग्य जागी. जी गोष्ट वादात आहे तिच्यापुढंच तो लावायचा. तार पिशवीत सापडली हे दोन रक्षकांनी पाहिलंय, तुम्ही पंचनामा केलाय. तिथं ‘अलेज्ड रिकव्हरी’ लिहिलं तर तुम्ही स्वतःच्याच पंचनाम्यावर शंका घेताय. उलट तार त्यानं चोरली हे वादात आहे, म्हणून ‘अलेज्ड थेफ्ट’. गोदामाला आग लागली असेल तर ‘अलेज्ड फायर’ होत नाही, लावली का हा वाद असेल तर ‘अलेज्ड आर्सन’ होतं. ‘अलेज्ड अक्यूज्ड’ मात्र कुठंच लिहू नका. आरोप झालाय म्हणूनच तो ‘अक्यूज्ड’ आहे, त्यात वाद नाही. आणि प्रत्येक वाक्यात ‘अलेजेडली’ पेरलं की वाचणारा समजतो, यांचा कशावरच भरवसा नाही.

शब्दयोगी अव्ययांचं पटकन सांगते, कारण मराठीतला ‘साठी’ आणि ‘बद्दल’ डोक्यात असल्यामुळं इथं हमखास चुकतं. ‘अक्यूज्ड ऑफ’, ‘सस्पेक्टेड ऑफ’, ‘गिल्टी ऑफ’, ‘कन्व्हिक्टेड ऑफ’, ‘ॲक्विटेड ऑफ’. पण ‘चार्ज्ड विथ’, ‘इम्प्लिकेटेड इन’, ‘कन्फेस्ड टू’, ‘प्लीडेड गिल्टी टू’. ‘फॉर’ येतो तो ‘अरेस्टेड फॉर’, ‘ब्लेम्ड फॉर’, ‘पनिश्ड फॉर’ यांना.

‘गिल्ट’ला दोन बाजू आहेत, हे विसरू नका. एक ठरवलेला दोष आणि दुसरी मनातली खंत. ‘ही लुक्ड गिल्टी’ हे वाक्य मला कित्येक रक्षकांच्या जबाबात सापडतं. रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाची सगळ्यांसमोर पिशवी उलटी केली की त्याचा चेहरा उतरतोच. काय पाहिलं ते लिहा: घाम आला, मागं वळला, पिशवी द्यायला नाही म्हणाला. वागणूक कायद्यानं पुराव्यात येऊ शकते. तिचा अर्थ लावणं पाहणाऱ्याचं काम नाही.

कृत्याला नाव देतानाही पायरी बघा. ‘थेफ्ट’ला अप्रामाणिक हेतूनं, दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीशिवाय वस्तू हलवावी लागते. नोकरानं मालकाची वस्तू चोरणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा आहे, कलम ३०६. ‘पिल्फरेज’ म्हणजे थोडीथोडी भुरटी चोरी. कारखान्यांत हा शब्द साठ्यातल्या तुटीसाठी वापरतात, त्यात कुणा एकाकडं बोट नसतं. विश्वासानं सोपवलेलं परस्पर वापरलं की ‘मिसॲप्रोप्रिएशन’ आणि ‘ब्रीच ऑफ ट्रस्ट’. फसवून काढून घेतलं की ‘चीटिंग’. सांगली-मिरजेत पतसंस्थांशी संबंध आलेल्या कुणालाही सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८३ आणि ८८ च्या चौकश्या माहीत असतात. त्या अहवालांत ‘इर्रेग्युलॅरिटी’ आणि ‘मिसॲप्रोप्रिएशन’ यांतला फरक ठेवीदाराच्या आणि संचालकाच्या जिवाशी येतो. तारणाचे कागद अपुरे असताना कर्ज दिलं, ही अनियमितता. तेच कर्ज बनावट नावावर स्वतः उचललं, तो अपहार. तुमच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या नियमांत, बहुधा ‘थेफ्ट, फ्रॉड ऑर डिसऑनेस्टी’ हे तिन्ही एकाच कलमात असतील. आरोपपत्रात तिन्ही कोंबू नका. जे म्हणायचंय ते एकच म्हणा.

शेवटाचे शब्दही ठरवून वापरा. साक्ष्य अधिनियमात ‘प्रूव्ह्ड’, ‘डिसप्रूव्ह्ड’ आणि ‘नॉट प्रूव्ह्ड’ अशा तीन वेगळ्या व्याख्या आहेत. त्यानं केलं नाही हे दिसून आलं तर ‘डिसप्रूव्ह्ड’. केलं की नाही हे कळायला पुरेसं काही नाही, तर ‘नॉट प्रूव्ह्ड’. चौकशीत दुसरी गोष्ट घडली असताना ‘ही वॉज फाउंड इनोसंट’ लिहिणं चूक, आणि ‘ही एस्केप्ड ऑन टेक्निकल ग्राउंड्स’ लिहिणं त्याहून मोठी चूक. ‘डिस्चार्ज’ म्हणजे दोषारोप ठेवण्याआधीच सुटका, ‘ॲक्विटल’ म्हणजे खटला चालून सुटका. ‘क्लीन चिट’ आपल्या चिठ्ठीवरून झालेला इथला शब्द आहे, बाहेरच्या वाचकाला तो कळेलच असं नाही, ‘एक्झॉनरेटेड’ लिहा. फौजदारी कोर्ट वाजवी शंकेपलीकडचा पुरावा मागतं, डोमेस्टिक एन्क्वायरीला संभाव्यतेचा कल पुरतो. म्हणून कोर्टातून सुटलेला माणूस चौकशीत दोषी ठरू शकतो. तसं झालं तर ‘गिल्टी ऑफ मिसकंडक्ट’ लिहा, ‘गिल्टी ऑफ अ क्राइम’ नव्हे.

तुमचं वाक्य मी असं लिहीन, वेळ तुमच्या रजिस्टरमधली घाला:

‘ड्युरिंग द गेट चेक ॲट द एंड ऑफ द नाइट शिफ्ट, अ बंडल ऑफ कॉपर वायर वॉज फाउंड इन द टिफिन बॅग कॅरिड बाय द वर्कमन. ही स्टेटेड दॅट द बॅग वॉज हिज बट दॅट ही डिड नॉट नो हू हॅड पुट द वायर इन इट. टू सिक्युरिटी गार्ड्स विटनेस्ड द चेक. अबाउट ॲन अवर लेटर ही गेव्ह अ हँडरिटन लेटर इन मराठी. द ओरिजिनल अँड अ फुल ट्रान्सलेशन आर अटॅच्ड. बॅग्ज ऑफ द शिफ्ट वेअर केप्ट ऑन ॲन ओपन रॅक. अ चार्जशीट फॉर अलेज्ड थेफ्ट ऑफ कंपनी प्रॉपर्टी इज बीइंग इश्यूड.’

लांबलं आहे आणि थंड वाटतं, मला मान्य आहे. पण यातलं प्रत्येक वाक्य तुम्ही साक्षीदाराच्या खुर्चीत बसून, शपथेवर, एक शब्द न बदलता पुन्हा सांगू शकता. ‘द कल्प्रिट’वाल्या वाक्याचं तसं नाही.

एक काम मात्र इंग्रजीच्या आधी करा. आरोपपत्र कामगाराला मराठीत द्या आणि इंग्रजी प्रतीशी ओळ न् ओळ ताडून बघा. इंग्रजीत ‘अलेज्ड थेफ्ट’ आणि मराठीत ‘तुम्ही तार चोरली आहे’ असं झालं, तर त्याच्या दृष्टीनं निकाल लागलेला आहे आणि चौकशी नुसती नावाला आहे. मराठीत ‘तुम्ही कंपनीची तार चोरल्याचा आरोप आहे’ असं लिहा, खुलाशाची मुदत लिहा, आणि प्रतिनिधी नेमण्याचा त्याचा हक्क त्याच पानावर लिहा. माफीच्या पत्राची मूळ प्रत भोकं न पाडता प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. तिच्यावर इंग्रजीत शेरा लिहू नका.